पांढरी, काळी आणि ले-आउट

बुलडाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाकडे निघा. गाव यायच्या दोन-तीन किलोमीटर आधीच रस्त्याच्या कडेला फलक सुरू होतात. 'एनए प्लॉट', 'बँक कर्जाची सोय', 'मोजकेच प्लॉट शिल्लक'. फलकामागे परवापर्यंत सोयाबीन किंवा कपाशी असलेलं वावर असतं. त्यात चुन्याच्या रेघा ओढलेल्या, ओळीनं रोवलेले सिमेंटचे ठोकळे आणि कमानीवर कुठल्या तरी नगराचं नाव. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, देऊळगाव राजा, खुद्द बुलडाणा. चित्र सगळीकडे तेच.

आपल्या पाठ्यपुस्तकांतला इतिहास राजे, लढाया आणि तहांभोवती फिरतो. शेताचं गाव कसं होतं, त्याआधी जमिनीची कोणती तयारी करावी लागते, तो खर्च कोण उचलतो आणि तयारी न करताच वस्ती झाली तर त्याची किंमत कोण मोजतं, याचा धडा कुठल्याच इयत्तेत नाही. वास्तविक हा इतिहास आपल्या पायाखालचा आहे. वऱ्हाडात आणि दख्खनमध्ये नवी वस्ती वसवताना आधी काय आणि नंतर काय करायचं याचा एक क्रम होता. तो क्रम कसा बदलत गेला, एवढंच या लेखात बघू.

पांढरीत घर, काळीत शेत

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे कसायची जमीन. 'समस्त पांढरी' असं लिहिलं की त्याचा अर्थ सारे गावकरी असा व्हायचा. जमिनीचा रंगच माणसांचं नाव झाला होता.

पांढरी पांढरी का, याचं उत्तर सोपं आहे. पिढ्यानपिढ्या मातीच्या भिंती पडतात, त्याच जागी नव्या उठतात, चुलीतली राख आणि चुना मातीत मिसळत जातो आणि जमीन फिकट होते. पण मुळात ती जागा निवडलेली असायची विचार करून. थोडी उंचवट्याची, खाली मुरूम लागणारी, पाणी निघून जाणारी आणि नदी-नाल्यापासून फार लांब नसलेली.

यामागे काळ्या मातीचा स्वभाव आहे. वऱ्हाडची काळी कपाशीला जितकी मानवते तितकीच घराला जड जाते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचा हा गुण. अशा जमिनीवर उथळ पाया घेतला की दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तडा जायला लागते. आजचा अभियंता सांगतो की काळी काढा, मुरूम भरा, दाबा, पाया खाली कठीण थरापर्यंत न्या आणि प्लिंथ बीम बांधा. आपल्या पणज्यांनी त्यावर अधिक स्वस्त उपाय काढला होता. ते काळीत घर बांधतच नव्हते.

अर्थात पांढरीचं फार गोड चित्र रंगवायचं कारण नाही. तिच्यातही कोणाचं घर मध्यावर आणि कोणाचं वेशीबाहेर, हे जातीनं ठरलेलं होतं. पिंजारी, मोमीन, मण्यार, अत्तार, तांबोळी ही आपली माणसं मुख्यतः कसब्यात आणि बाजाराच्या गावात, धंद्याच्या सोयीनं एका गल्लीत राहायची. तेव्हाची वस्ती समतेची नव्हती. जमीन बघून मात्र ती वसलेली होती.

आपल्या तोंडात बसलेले शब्द

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे जरा जास्त लक्ष जातं. जमिनीच्या कारभाराची मराठी बघा. जमीन, मौजा, कसबा, तहसील, महसूल, नकाशा, हद्द, सनद, कबजा, दस्त, मिळकत. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि इतके मुरले की तलाठी कार्यालयात उभ्या असलेल्या कुणालाही ते परके वाटत नाहीत. 

त्यातले दोन शब्द आपल्या विषयासाठी महत्त्वाचे. पहिला मोहल्ला. अरबीत 'महल्ला' म्हणजे मुक्कामाची जागा, जिथं प्रवासी ओझं सोडून थांबतो. दुसरा नझूल. विदर्भातल्या जुन्या शहरांत ज्यांचं घर आहे त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नझूल म्हणजे शहरातली सरकारी मालकीची जमीन, जी भाडेपट्ट्यानं दिली जाते. मूळ अरबी 'नुज़ूल', म्हणजे उतरणं, मुक्काम करणं. 'मंज़िल' हा शब्द याच मुळाचा. दोन्ही शब्दांत माणूस वाहनावरून उतरतोय आणि थांबतोय. वस्तीची कल्पनाच मुळी थांबण्यातून आली आहे, आणि थांबायचं तर आधी पाणी हवं. 'आबाद' शब्दाचं मूळ भाषाशास्त्रज्ञ काहीही सांगोत, उर्दू बोलणाऱ्याला त्यात 'आब' ऐकू येतंच.

आधी पाणी

मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली. हेच पुढे फतेहनगर, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, हे आपण अभिमानानं सांगतो. त्याचं गनिमी युद्धतंत्र सांगतो, जमीन महसुलाची पद्धत सांगतो. पण शहर वसवताना त्यानं काय केलं, ते त्याहून शिकण्यासारखं आहे.

खडकीची जागा कोरड्या पठारावर होती. अंबरनं उत्तरेकडच्या डोंगरातलं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरीत गोळा केलं आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. मातीचे भाजलेले नळ, जागोजागी हवा आणि दाब सांभाळणारे बंबे, शेवटी हौद आणि कारंजी. ही नहर-ए-अंबरी पुढची कित्येक शतकं चालली. शहराच्या जमिनीचे भाग त्यानं आपल्या सरदारांना दिले आणि त्यांनी आपापले पुरे वसवले. मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांच्या नावांनी मालपुरा, खेलपुरा, पारसपुरा, विठापुरा उभे राहिले. आजच्या भाषेत सांगायचं तर मूळ सुविधा राज्यानं केल्या आणि आतले ले-आउट सरदारांनी पाडले. मोगलांनी खडकी जाळली, तरी ती पुन्हा उभी राहिली.

जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा ओलांडला की बऱ्हाणपूर. तिथं १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानानं कुंडी भंडारा बांधून घेतला. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून सरकणारं पाणी अडवून बोगद्यानं शहरात आणायची ही योजना. वरून बघितलं तर विहिरींची एक लांब रांग दिसते. खाली त्या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं ती आखली असं सांगितलं जातं. तिच्यातून अजूनही पाणी वाहतं.

हे सगळं मुसलमान सरदारांचंच कर्तृत्व होतं, असं मात्र मी म्हणणार नाही, कारण तसं नव्हतं. आपल्याच जिल्ह्यातलं सिंदखेड राजा बघा. जिजाऊंचं माहेर म्हणून लोक तिथं जातात, वाड्याचा दरवाजा बघतात आणि परततात. थोडं थांबून मोती तलाव, चांदणी तलाव, सजना बारव आणि पुतळा बारव बघा. जाधवरावांच्या या गावात वाड्याइतकीच मेहनत पाण्यावर घेतलेली आहे. मोती तलावाची भिंत तर एखाद्या किल्ल्याच्या तटासारखी दिसते. अंबर, खानखाना आणि जाधवराव हे तिघे एकाच काळातले. कधी एका बाजूनं तर कधी समोरासमोर लढलेले. धर्म वेगळा, निष्ठा वेगळ्या, पण वस्ती वसवायची तर आधी पाणी, यावर तिघांचं एकमत होतं.

कौल म्हणजे दिलेला शब्द

पाणी आलं तरी माणसं आपोआप येत नाहीत. व्यापारी, विणकर, सुतार यांना दुसऱ्या गावातून बोलवावं लागतं. त्यासाठी कौल दिला जाई. अरबीत 'क़ौल' म्हणजे शब्द, वचन. राज्यकर्ता लेखी वचन द्यायचा की या पेठेत येऊन घर बांधा, अमुक वर्षं कर माफ. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या शेतकऱ्याला इस्ताव्याचा कौल मिळायचा. त्यात पहिल्या वर्षी नाममात्र धारा आणि पुढे दरवर्षी थोडा-थोडा वाढवत काही वर्षांनी पूर्ण. पेठ भरवायची, व्यापारी आणायचे आणि बाजाराची व्यवस्था बघायची ही शेटे-महाजनांची जबाबदारी. त्याबद्दल त्यांना वतन मिळत असे.

म्हणजे राज्य आधी खर्च करी, वसणाऱ्याला सवलत देई, आणि वस्ती पायावर उभी राहिली की मग कर घेई. ही काही दानत नव्हती. वसलेलं गाव उत्पन्न देतं आणि उजाड गाव देत नाही, हा साधा हिशेब त्यामागे होता. कौल मोडला तर रयत रातोरात गाव सोडून जाई. जमीन भरपूर आणि माणसं कमी असल्यामुळे तिला तसं करता येत होतं, हेही विसरू नये.

साखळी, रूळ आणि नझूल

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि जमिनीकडे बघायची नजर बदलली. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं इथं सर्व्हे सुरू झाला. तेहतीस फुटांची साखळी घेऊन मोजणीदार गावोगाव फिरले. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आज आपण 'अर्धा गुंठा घेतला' म्हणतो तेव्हा त्या साखळीचीच भाषा बोलत असतो.

या सर्व्हेनं प्रत्येक शेताला नंबर दिला, कोपऱ्यावर दगड रोवले, धुरे ठरवले. त्याच वेळी गावठाणाची हद्दही कागदावर आखली गेली. पांढरी आतापर्यंत हळूहळू पसरणारी गोष्ट होती. आता ती नकाशावरची रेघ झाली. गावठाणाच्या आत घर बांधायला शेतसारा नाही, रेघेबाहेरची सगळी जमीन मात्र शेती. पुढच्या शंभर वर्षांत लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढली; रेघ बहुतेक ठिकाणी होती तिथंच राहिली. आजच्या अर्ध्या अडचणींचं मूळ या रेघेत आहे.

याच काळात खामगावचं नशीब उघडलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि सगळ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, शेगाव करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. खामगाव मुख्य मार्गापासून बाजूला होतं, म्हणून जलंबपासून सुमारे तेरा किलोमीटरची खास शाखा टाकली गेली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः तिच्या उद्घाटनाला आला. खामगावला नगरपालिका झाली होती १८६७ मध्येच. कापसासाठी आखलेला बाजार, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, गाड्या उभ्या करायला मोकळी मैदानं, रुंद रस्ते. इंग्रजांनीही जमीन तयार केली, पण कोणासाठी ते बघितलं पाहिजे. त्यांच्या क्रमात रूळ आणि बाजार पहिले होते. जनुन्याच्या तलावातून शहराला पाणी देण्याची योजना त्यानंतरची. माणसाआधी कापसाची सोय झाली. हमाल, पिंजारी, गाडीवान, प्रेसमधले मजूर जिथं जागा मिळेल तिथं टेकले आणि त्यांचे मोहल्ले झाले.

शहरातली उरलेली सरकारी जमीन नझूल म्हणून भाडेपट्ट्यानं दिली गेली. कित्येक मुस्लिम कुटुंबांची दोन-तीन पिढ्यांची घरं अशा पट्ट्यावर आहेत. पट्ट्याची मुदत संपते, नूतनीकरण राहून जातं, मूळ पट्टेदार वारतो, वारसांची नोंद होत नाही. घर आहे, वीजबिल आहे, घरपट्टी आहे. फक्त कागद जिवंत नाही.

ले-आउट आणि गुंठेवारी

स्वातंत्र्यानंतर वऱ्हाड आधी मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं शेतजमिनीचा बिनशेती वापर करायचा तर परवानगी बंधनकारक केली. दुसरीकडे १९४७ चा तुकडेबंदी कायदा होताच. शेतीचे फार लहान तुकडे पडू नयेत हा त्याचा हेतू, आणि हेतू चांगलाच होता.

रीतसर ले-आउट करायचा तर काय लागतं ते बघा. भूमी अभिलेख खात्याची मोजणी, नगररचना विभागाची मंजुरी, जागेवर सीमांकन, अंतिम मंजुरी. मग प्रत्यक्ष काम. काळी उकरून रस्त्याचा पाया, मुरूम, गिट्टी, दबाई, डांबर किंवा काँक्रीट. उतार बघून नाल्या आणि त्या नाल्यांचं पाणी जिथं सोडायचं ती जागा. पाण्याची पाइपलाइन, विजेचे खांब, डीपी. दहा टक्के मोकळी जागा. रस्ते आणि मोकळी जागा सोडली की चाळीस गुंठ्यांतली निम्म्याहून थोडी जास्तच जमीन विकायला उरते. बाकीच्या जमिनीची आणि सगळ्या कामांची किंमत त्याच प्लॉटांवर चढते. म्हणून रीतसर प्लॉट महाग असतो. त्यात नफेखोरी असते, हे खरंच. पण महागाईचा मोठा भाग या तयारीचा आहे.

ही तयारी गाळली की प्लॉट स्वस्त होतो. शेतकऱ्याकडून वावर घ्यायचं, दहा-पंधरा फुटांची बोळ सोडायची, बाकी सगळं विकायचं. खरेदीखत होत नाही म्हणून स्टँप पेपरवर नोटरी करायची. यालाच आपण गुंठेवारी म्हणतो. नागपुरात ही वस्ती इतकी वाढली की '५७२ ले-आउट' आणि '१९०० ले-आउट' हे शब्दच शहराच्या बोलण्यात रुजले. शासनानं २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पूर्वीच्या विकासाला तो लागू होता. २०२१ च्या दुरुस्तीनं ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. नियमित करायचं तर प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क भरायचं.

आता जुना कौल आठवा. तिथं राज्य आधी खर्च करायचं आणि वसणारा मागाहून कर द्यायचा. गुंठेवारीत गरीब माणूस आधी प्लॉटचे पैसे देतो, मग स्वतःच्या खर्चानं बोअर घेतो, मुरूम टाकतो, खांब ओढून आणतो, वीस वर्षं चिखल तुडवतो आणि शेवटी विकासाचं शुल्क भरतो. क्रम पुरता उलटा झाला आहे.

दाखल-खारीजमधले पत्ते

शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असतं. जुन्या पानांवर विद्यार्थ्यांचे पत्ते मोहल्ल्यांचे आहेत. अमुक पुरा, तमुक चौक, मशिदीजवळ. अलीकडच्या पानांवर 'गट नंबर' येतो, 'टेकडीमागे' येतं, 'नवीन प्लॉटमध्ये' येतं. मोहल्ला भरला, भावांची वाटणी झाली, धाकटा बाहेर पडला. महाराष्ट्रातले सुमारे सत्तर टक्के मुसलमान शहरी भागात राहतात, हे जनगणनेचे आकडे सांगतात. म्हणजे शहराच्या कडेला काय होतं हा आपल्यासाठी दुसऱ्याचा विषय नाही.

पण बाहेर पडणारे सगळे गुंठेवारीतच का जातात? गरिबी हे एक कारण. दुसरं कारण मी स्वतः अनुभवलं आहे. काही वर्षांपूर्वी मी एका मंजूर ले-आउटमध्ये प्लॉट बघायला गेलो होतो. पगाराची स्लिप होती, बँकेचं कर्ज मिळणार होतं. दलाल तासभर नकाशा उलगडून बोलला, चहा पाजला. नाव विचारलं आणि मग सांगितलं, "सर, हे सगळे बुक आहेत. तुमच्यासाठी पलीकडच्या बाजूला एक चांगली जागा आहे." पलीकडच्या बाजूला नाली नव्हती, मंजुरी नव्हती. भाव मात्र फार कमी नव्हता. ज्याला पर्याय नाही त्याला स्वस्त मालही महाग मिळतो.

त्या पलीकडच्या बाजूची मुलं माझ्या वर्गात येतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांची हजेरी घसरते. रिक्षा आत जात नाही, काळी माती चपलेला धरून ठेवते, लहान बहीण कडेवर घेऊन यावं लागतं. एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं की आमच्या घरी पाऊस आला की आई आधी भिंतीकडे बघते. पांढरी आणि काळी हा भेद तिला पुस्तकातून शिकवायची गरज नाही.

सरकार स्वतः गाव वसवतं तेव्हा

खाजगी प्लॉटवाल्याला दोष देणं सोपं आहे. सरकारनं स्वतः गाव वसवलं तेव्हा काय झालं, तेही आपल्याच जिल्ह्यात बघता येतं. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवरच्या जिगाव प्रकल्पात तीसहून जास्त गावं पूर्णपणे बाधित होतात. त्यांच्यासाठी नवी गावठाणं आखायची आहेत. १९९९ च्या पुनर्वसन कायद्याखाली नव्या गावठाणात कोणत्या सुविधा हव्यात याची यादी आहे. लोक तिला '१८ नागरी सुविधा' म्हणून ओळखतात. पिण्याचं पाणी, शाळा, अंतर्गत रस्ते, जोडरस्ता, नाल्या, वीज, स्मशान-दफनभूमी अशी ती यादी आहे. कागदावर बघितलं तर मलिक अंबरच्या वारसांनीच लिहिली असावी इतकी ती नेमकी आहे. प्रत्यक्षात मोबदला आणि पुनर्वसनासाठी इथल्या लोकांना नदीच्या पाण्यात उतरून आंदोलनं करावी लागली. आधी सुविधा आणि मग स्थलांतर हा क्रम कायद्यात असूनही मागून घ्यावा लागतो.

समृद्धी महामार्गाची गोष्टही याच जातीची आहे. हा रस्ता मेहकर आणि सिंदखेड राजा भागातून जातो. त्याच्या कडेला कृषी समृद्धी नवनगरं वसवायची होती. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, सगळा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. रूळ आणि बाजार आधी, माणसांची वस्ती मागाहून. खामगावचा १८७० चा क्रम पुन्हा दिसतो.

मोकळ्या जागेचं काय

एक गोष्ट आपल्यालाही स्वतःला सांगितली पाहिजे. ले-आउटमधली दहा टक्के मोकळी जागा ही सगळ्या प्लॉटधारकांच्या श्वासाची जागा आहे. ती कुणी बळकावू नये, अगदी इबादतीच्या नावानंही नाही. नकाशात उद्यान म्हणून ठेवलेली जागा खाजगी रुग्णालयालासुद्धा देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात सांगितलं. सार्वजनिक जागेवर विनापरवाना प्रार्थनास्थळं होऊ देऊ नयेत, असा आदेश २००९ मध्ये दिला. शेजारच्या ले-आउटमध्ये कुणी हा नियम मोडतं म्हणून आपणही मोडावा, हा युक्तिवाद मला पटत नाही. मशीद बांधायची तर विकत घेतलेल्या जागेवर, परवानगी घेऊन. मोकळ्या जागेत मुलांना क्रिकेट खेळू द्या. मुली खेळू शकतील अशी जागा तर आपल्या मोहल्ल्यांत कधी नव्हतीच.

कब्रस्तानाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याची जागा ले-आउटमध्ये नाही, शहराच्या विकास आराखड्यात आहे. आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. त्या मुदतीत आपल्यातला एकही माणूस नगरपरिषदेत नकाशा बघायला जात नाही आणि मग पुढची वीस वर्षं आपण तक्रार करत राहतो. पुन्हा तशी सूचना निघेल तेव्हा प्रत्येक मोहल्ल्यातल्या एका शिकलेल्या मुलानं जाऊन नकाशाचा फोटो काढावा, मस्जिद कमिटीनं एका रात्री त्यावर चर्चा करावी आणि लेखी सूचना द्यावी. कब्रस्तान, उर्दू शाळेचं मैदान, दवाखाना, पाण्याची टाकी हे सगळं तिथंच मागता येतं.

आणि जे प्लॉट घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी फलकावरचं नाव बघू नये. मंजूर ले-आउटचा नकाशा मागावा आणि त्यावर नगररचनेचा शिक्का बघावा. अकृषक आदेश मागावा. प्रकल्प पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. २०१६ च्या कायद्यानं तो आवश्यक आहे. मग जुलैमध्ये, चांगला पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, जागेवर जाऊन उभं राहावं आणि पाणी कुठून येतं, कुठं जातं ते बघावं. ज्यांचं घर आधीच गुंठेवारीत आहे त्यांनी नियमित करण्याचा अर्ज भरून ठेवावा, शुल्क जास्त वाटत असेल तर वीस घरांनी मिळून निवेदन द्यावं. निवेदनात रस्ता आणि नाली कधी होणार याची तारीख मागावी. विकास शुल्क घेतलं तर विकास दिला पाहिजे. सरकारनं दिलेला कौल सरकारकडूनच वसूल करायचा असतो.

हे निवेदन मराठीत कसं लिहायचं, हे मी या वर्षी दहावीच्या वर्गाला पत्रलेखनात शिकवणार आहे. पाठ्यपुस्तकातलं 'वृक्षारोपणासाठी रोपांची मागणी' हे पत्र राहू द्या, ते सोपं आहे. त्याच्या जोडीला यंदा 'आमच्या वस्तीतील नालीबाबत' हेही एक.